आधी मीटर लावा, मग बोला

"कार्ड उडालंय, सर." नाशिकरोडपासून कॉलेज रोडपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात कॅबिनेट घेऊन जा, पाणी विचारायच्या आत हे वाक्य ऐकायला मिळेल. कॅबिनेट काउंटरवर चढतं, वायर लागते, बटण दाबलं जातं. पंखे फिरतात, रंगीत लाइट लागतात, स्क्रीन मात्र काळाठिक्कर. समोरच्या पोराने अजून स्क्रू ड्रायव्हरही हातात घेतलेला नसतो, पण निकाल तयार असतो. ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घ्यावं लागेल. मागच्या फळीवर नव्या कार्डांची खोकी रचलेली असतात आणि निकाल देता देता त्याची नजर तिकडे वळलेली असते.

मला या वाक्याची चीड आहे. कार्ड कधी उडतच नाही असं माझं म्हणणं नाही. उडतात, रीतसर उडतात. पण काळा स्क्रीन हे एकच लक्षण निदान आठ-दहा निरनिराळ्या दोषांमुळे दिसतं. त्यातला नेमका कोणता, हे न तपासता जो भागाचं नाव घेतो तो दुरुस्ती करत नसतो, माल खपवत असतो.

माझी नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, स्विचगिअरच्या टेस्टिंग विभागात झाली. तिथे 'मला वाटतं' या शब्दांना टेस्ट रिपोर्टमध्ये रकाना नव्हता. पॅनेल कितीही चांगलं दिसो, रीडिंग लिहिल्याशिवाय ते गेटबाहेर जात नसे. हे शहरच त्या शिस्तीवर पोट भरणारं आहे. सातपूरला एबीबी, अंबडला सीजी पॉवर. इथे बनलेले ब्रेकर देशभरच्या सबस्टेशनांत बसलेत. रिलेने फॉल्ट ओळखला की ते मिलिसेकंदांत उघडतात. मोजमापावर जगणाऱ्या या शहरात कॉम्प्युटरचा फॉल्ट मात्र अंदाजपंचे दाहोदरसे ओळखला जातो, आणि त्याबद्दल कुणाला लाजही वाटत नाही.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. तो पाथर्डी फाट्याला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. जुन्या असेम्बल केलेल्या मशीनमध्ये त्याने जीटीएक्स १६६० हे कार्ड बसवून घेतलं. हिवाळा सुरू झाल्यावर मशीन सकाळी रुसायला लागलं. बटण दाबलं की पंखे क्षणभर फिरायचे आणि बंद. दुपारी तेच मशीन निमूट चालायचं. पुढे दुपारीही चालेना. कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडला की मशीन सुरू, कार्ड लावलं की बंद. त्याने दुकानं पालथी घातली. कुणी कार्ड गेलं म्हणाला, कुणी मदरबोर्डचा स्लॉट शॉर्ट झाला म्हणाला, एका महाभागाने तर विंडोज नव्याने मारून देण्याची तयारी दाखवली. जे मशीन विंडोजपर्यंत पोहोचतच नाही, त्याला विंडोज मारून हा काय दिवे लावणार होता, देव जाणे.

"काका, कार्ड काढलं की चालतं, लावलं की बंद पडतं. म्हणजे कार्डच खराब ना?" पुतण्याने मला विचारलं. दुकानदारांनीही त्याला हेच ऐकवलं होतं. वरवर पाहता बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात इथेच सगळा घोळ आहे. लोड काढल्यावर सप्लाय टिकला, तर दोष लोडमध्ये असू शकतो, तसाच तो सप्लायमध्येही असू शकतो. सप्लाय इतका कमजोर असेल की लोड आलं की मान टाकतो, तरीही नेमकं हेच दिसेल. एकाच पुराव्यावर दोन आरोपी उभे आहेत आणि तुम्ही त्यातला महाग आरोपी निवडून त्याला फाशी देताय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

मी त्याच्याबरोबर एका दुकानात गेलो आणि म्हणालो, एसएमपीएस, म्हणजे मशीनचा पॉवर सप्लाय, तपासा. पोराने तत्परतेने यू पिन सरळ केली, चोवीस पिनी कनेक्टरच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत खुपसली, एसएमपीएसचा पंखा फिरू लागला. "बघा काका, एकदम ओके." त्याच्या चेहऱ्यावर निर्दोष मुक्ततेचा आनंद होता.

या यू पिनेने नाशिकमध्ये किती निरपराध कार्डांचा बळी घेतला असेल कोण जाणे. हिरवी वायर काळीला टेकवली की एसएमपीएसला सुरू व्हायचा हुकूम मिळतो, बस्स. तो सुरू होतो एवढंच त्यातून कळतं. त्याच्यावर लोड शून्य असतं. कार्ड आणि प्रोसेसर ओढायला लागल्यावर तो किती व्होल्ट टिकवतो, याबद्दल फिरणारा पंखा चकार शब्द सांगत नाही. मी पोराला म्हणालो, "बाळा, स्टिकर वाच." मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलं होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खरी कुंडली होती: अधिक १२ व्होल्ट, १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा किती, हे चौथीतलं पोरही सांगेल. १६८ वॅट. बाकीचे वॅट ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत कोंबून ४५० चा आकडा फुगवलेला. आजच्या मशीनमध्ये कार्ड आणि प्रोसेसर, दोन्ही खादाड, जेवतात १२ व्होल्टवर. त्या कार्डाची भूक १२० वॅट, प्रोसेसरची ६५. झाले १८५. मदरबोर्ड, पंखे, हार्डडिस्क अजून पंगतीला बसलेच नाहीत.

बरं, कार्डाला आठ पिनी पॉवर कनेक्टर लागतो आणि या एसएमपीएसला तो नव्हताच. म्हणून कार्ड विकणाऱ्याने दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या चार पिनी, वायरींचा कन्व्हर्टर लावून दिला होता. आठ पिनी कनेक्टर १५० वॅटचा, सहा पिनी ७५ चा, आणि खुद्द मदरबोर्डचा स्लॉट फार तर ७५ चा, असा हिशोब मानकात ठरलेला आहे. एसएमपीएस बनवणाऱ्याने आठ पिनी वायर दिली नाही, याचा अर्थ 'एवढी ताकद माझ्यात नाही' असं तो स्वतःच सांगत होता. त्याच्या तोंडावर कन्व्हर्टर दाबून त्याला गप्प केलं गेलं.

घरी येऊन मी मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मीटरचे प्रोब लावले, कमीत कमी रीडिंग धरून ठेवायचं बटण दाबलं. कार्ड नसताना १२ च्या आसपास. कार्ड लावून मशीनचं बटण दाबलं, १० च्या घरात घसरून सगळं ठप्प. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकात १२ व्होल्टला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ च्या खाली गेलं की तो सप्लाय नापास. मग शेजारच्या मुलाच्या मशीनमधला धडधाकट एसएमपीएस तात्पुरता जोडला. 'उडालेलं' कार्ड पहिल्या झटक्यात डिस्प्ले देऊन मोकळं. उलट तपासणी म्हणून तेच कार्ड त्या मुलाच्या मशीनमध्ये घातलं, तिथेही चाललं. याला म्हणतात निकाल. दोन दिशांनी येऊन एकाच जागी भेटणारा.

आणि सकाळी बंद, दुपारी चालू, हा धागा? तोच तर सगळ्यात बोलका होता. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या छापून येतात त्याच दिवसांत शहरातली जुनी मशीनं सकाळी अडतात. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे झाले की थंडीत त्यांचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, व्होल्टेज लहरायला लागतं. मशीन थोडं तापलं की गाडी रुळावर. पुतण्या प्रत्येक दुकानात हे सांगत होता. एकानेही 'सकाळीच का?' असा उलटा प्रश्न केला नाही. ज्याला खोकंच विकायचं आहे त्याला लक्षणांशी काय देणंघेणं?

कुणी म्हणेल, हे सगळं इंजिनिअरचं ज्ञान, दुकानातल्या पोराला कसं असणार? साफ खोटं. यात गुपित काही नाही, लागते फक्त क्रमाने जाण्याची सवय. पहिला प्रश्न फुकटचा आहे: मॉनिटरची वायर कुठे लावलीय? कार्ड असलेल्या मशीनमध्ये ती कार्डाच्या पोर्टात हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाला 'एफ' चिकटलेला असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डच्या एचडीएमआयला वायर लावून जन्मभर बसलात तरी स्क्रीन उजळणार नाही. घर बदलताना वायरी उपसल्या, पुन्हा लावताना भोक चुकलं, आणि त्या भोकाचे पैसे दुकानात नव्या कार्डाच्या भावाने मोजले, अशी माणसं मला माहीत आहेत.

दुसरा प्रश्न: मशीन स्वतः काय सांगतंय? १९८१ चा आयबीएम पीसी सुरू होताना स्वतःची तपासणी करायचा आणि डिस्प्लेच्या कार्डात खोट असेल तर एक लांब, दोन आखूड शिट्ट्या वाजवायचा. हीच खूण पुढे अवॉर्ड कंपनीच्या बायोसनेही चालू ठेवली. म्हणजे चार दशकांपूर्वीचं यंत्र आपलं दुखणं आपल्या तोंडाने सांगत होतं. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तो एवढासा स्पीकरच नसतो. शोभेच्या रंगीत दिव्यांना पैसे आहेत, तोंडाला नाहीत. तरी बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्या दिव्यावर मशीन अडतं, शोध तिथून सुरू करायचा. बोर्डावर दिवे नसतील तर दोन आकडी कोड दाखवणारं डिबग कार्ड मिळतं, बाजारात ते काही महाग नाही. किती दुकानांच्या काउंटरवर ते पाहिलंय? मी तरी वरच्या फळीवर धूळ खातानाच पाहिलंय.

तिसरा प्रश्न बायोसचा. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचं बायोस, लागतं, म्हणून घाईघाईने बायोसमध्ये शिरून सीएसएम नावाची जुनी सोय बंद केली जाते. कार्ड जुन्या पिढीचं असेल, त्याच्या स्वतःच्या बायोसला यूईएफआयची भाषा येत नसेल, तर त्या क्षणापासून काही बोर्डांवर डिस्प्ले गायब. कार्ड ठणठणीत, बोर्ड ठणठणीत, फक्त दोघांत बोलणं बंद. प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल थोडा वेळ बाहेर ठेवला, की सेटिंग मूळपदावर येतं आणि अनेकदा स्क्रीनही. तीन व्होल्टच्या सेलचं काम. त्यासाठी लोकांनी नवी कार्डं घेतली आहेत आणि जुनी त्याच दुकानात 'भंगारात' टाकून आले आहेत. त्या भंगाराचं पुढे काय होतं, हे विचारायचं धाडस कुणी करत नाही.

उरलेले प्रश्नही असेच सरळ आहेत. कार्ड स्लॉटमध्ये खटकन बसलंय का, की स्वतःच्या वजनाने एका कडेने लोंबतंय? रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पावसाळ्याची बुरशी आहे का? पॉवरची पिन पूर्ण आत गेलीय का? आणि सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच भाग बदलून पाहणे. एकच. आपल्याकडे रॅम, केबल आणि एसएमपीएस एकदम बदलतात, मशीन सुरू होतं, आणि कशाने झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बिल मात्र तिन्हींचं.

आता त्या विषयाकडे येतो जो कुठल्याच दुकानात निघत नाही: अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येतात? "तेवढं चालतं काका, कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच." हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या हातून टेस्टर काढून घ्यायला हवा. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल, दोन्हींकडून पत्र्याकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट मिलिअँपिअरच्याही आतला, म्हणून माणूस मरत नाही. पण अशा मशीनला चालू स्थितीत एचडीएमआयची वायर लावा, पलीकडे टीव्ही आणि त्याला केबलवाल्याची जमिनीला जोडलेली तार असू द्या, की तो तरंगता दाब त्या नाजूक पोर्टातून वाट काढतो. असं कार्ड खरोखर मरतं. दुकानदार नवीन कार्ड देतो, ते त्याच पाटावर, त्याच भोकात जाऊन बसतं आणि पहिल्याच्याच वाटेने जातं. मग कंपनीच भिकार ठरते.

पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच नाही, हे एक वेळ समजू. पण गंगापूर रोडच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये लाखांचं फर्निचर आणि कॉम्प्युटर मात्र तिसरी पिन मोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर, हे काय आहे? अर्थिंग कसं करावं यासाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. त्याबरहुकूम पॅनेल बनवणारी माणसं याच शहरातून रोज सकाळी कंपनीच्या बसने सातपूर-अंबडला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन झिणझिण्या देणाऱ्या कॅबिनेटवर पाय टेकवून बसतात. कंपनीत रीडिंग, घरात रामभरोसे.

जुन्या कार्डांच्या बाजाराबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते खणण्याचा धंदा एका दिवसात बसला. रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभरच्या बाजारात ओतली गेली. त्यांतल्या काहींच्या बायोसमध्ये खाणकामासाठी फेरफार केलेले, त्यामुळे कार्ड जिवंत असूनही मशीन सुरू होताना गोंधळ घालणारं. एनव्हिडियाचं पी१०६ नावाचं खास खाणकामाचं कार्ड होतं, त्याला मॉनिटर लावायचं पोर्टच नव्हतं. जुन्या फर्मी पिढीच्या चिपवर खोटं बायोस चढवून 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकलेली बनावट कार्डं इतकी वाढली, की जीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅमला २०१८ मध्ये ती ओळखण्याची सोय घालावी लागली. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीतल्या कांद्यात हात घातल्याशिवाय व्यापारी बोली लावत नाही. आपण मात्र हजारोंचं कार्ड 'घरी वापरलेलं, एकदम चकाचक' या चार शब्दांवर घेऊन येतो. विकणाऱ्याला भामटा म्हणताना घेणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि गरम हवेचे वैद्य! कार्ड खरंच मेलं तर 'चिप लेव्हल'ला नेतात. तिथे चिपवर हीट गन धरून कार्ड 'जिवंत' करून देतात. हा उपाय का टिकत नाही, ते एका जुन्या प्रकरणावरून कळतं. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरचा बोजा आपल्या हिशोबात मान्य केला. दोष चिपच्या आतल्या जोडांच्या सामग्रीत होता. तापवलं की तडकलेला जोड काही दिवस पुन्हा टेकतो, मग पुन्हा सुटतो. म्हणजे गरम करून चालू झालेलं कार्ड दुरुस्त झालेलं नसतं, त्याने फक्त मुदतवाढ घेतलेली असते. चिप रीतसर काढून, पाहून, जोडणारे कसबी कारागीर आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण 'एक महिन्याची गॅरंटी' हे शब्द कानावर पडले, की समजा हीट गन चालली आहे.

कंपन्याही काही सोवळ्या नाहीत. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांचे नवे सोळा पिनी कनेक्टर वितळायला लागले. एनव्हिडियाचं म्हणणं आलं: सुमारे ५० प्रकरणं, आणि कारण म्हणून पुढे केलं गेलं ते, वापरणाऱ्याने पिन पूर्ण आत बसवली नव्हती. पुढच्या वर्षी त्या कनेक्टरचीच रचना सुधारली गेली. अर्धवट बसलेली पिन पूर्ण करंट वाहू शकते, असा कनेक्टर कुणी बनवला होता, हा प्रश्न विचारायचा नसतो. नाचता येईना आणि अंगणच ग्राहकाचं.

एवढं सगळं दुकानदारांच्या आणि कंपन्यांच्या पदरात घातल्यावर आता आरसा आपल्याकडे वळवतो, कारण या रोगाचं मूळ काउंटरच्या अलीकडे उभं आहे. तासभर मीटर लावून, भाग अदलून-बदलून पाहून एखाद्या प्रामाणिक कारागिराने सांगितलं, "साहेब, काही गेलेलं नाही, पिन सैल होती. तपासणीचे तीनशे द्या," तर आपण काय म्हणतो? "तीनशे? काही टाकलं तर नाही! नुसतं बघायचे पैसे?" तेच आपण, न बघता दिलेल्या पंधरा-वीस हजारांच्या कार्डाला निमूट पैसे मोजतो आणि वर पिशवी फुकट मिळाली म्हणून खूश होतो. आपल्या लेखी पत्र्याला किंमत आहे, डोक्याला नाही. मग दुकानदाराने डोकं चालवायचं कशासाठी? शोधलेल्या दोषाचे शून्य आणि विकलेल्या खोक्याचं कमिशन, असा सौदा आपणच ठरवून दिला आहे. काउंटरवरच्या त्या पोराला तुटपुंजा पगार मिळतो, मालक त्याला दिवसाला किती खोकी गेली हे विचारतो, किती दोष सापडले हे विचारत नाही. याने त्याचा गुन्हा माफ होत नाही. पण तो गुन्हा परवडणारा कुणी केला, हे तरी कळतं.

शिक्षणाची तऱ्हा तीच. २००१ पासून महाराष्ट्राने एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं लाखोंनी वाटली. सरकारी नोकरीसाठी ते लागतं म्हणून घराघरांत ते फाइलला लावलेलं असतं. त्यात कॉम्प्युटर म्हणजे स्क्रीनवर दिसतं तेवढंच. झाकण उघडून हा एसएमपीएस, ही रॅम, इथे हात लावण्याआधी प्लग काढ, असं कुणी दाखवलेलं नसतं. त्याहून मोठा विनोद म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअर. चार वर्षं शिकून बाहेर पडलेली, कोडिंगच्या स्पर्धा जिंकणारी पोरं स्वतःच्या मशीनचा डिस्प्ले गेला की गल्लीतल्या दुकानात रांगेत उभी असतात. आयटीआयला कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड आहे, पण आपल्या मुलाला तिथे घालायचं म्हटलं की आईबापांना चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. हाताला वंगण लागलेल्या विद्येची एवढी किळस असणाऱ्या समाजाला कारागीर कसे मिळणार? आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येईल?

मग करायचं काय? कायदा आहे, तो आधी वाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. माल विकून किंवा सेवा देऊन बिल न देणं, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल' हे ऐकून आपण हसून पुढे जातो, तेव्हा आपण आपला पुरावा स्वतःच्या हाताने फाडत असतो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी किंवा सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण बिलावर नुसतं 'ग्राफिक्स कार्ड, १ नग' एवढंच लिहिलं असेल, तर जुनं कार्ड मेलं नव्हतं हे आयोगापुढे सिद्ध कसं करणार?

म्हणून माझी मागणी एवढीच, आणि ती प्रत्येकाने काउंटरवर उभं राहून करावी. कुठलाही भाग बदलण्याआधी तीन ओळींची चिठ्ठी द्या. पहिली ओळ: काय तपासलं. दुसरी ओळ: काय दिसलं, आकड्यात. तिसरी ओळ: म्हणून कोणता भाग गेला असं ठरवलं. खाली दुकानाचा शिक्का आणि तारीख. 'एसएमपीएस लोडवर तपासला, १२ व्होल्ट ठीक; कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावलं, तिथेही डिस्प्ले नाही; म्हणून कार्ड सदोष.' एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात, लिहिण्याआधी करावं लागतं त्याला तासभर. त्या तासाचे तीनशे काय, पाचशे मागा. काही न विकताही मागा. ग्राहकांनो, तुम्हीही कुरकुर न करता ते द्या, आणि जुना भाग काढला असेल तर तो मागून घरी आणा. तो तुमचा आहे.

दुकानदार म्हणतील, अशी चिठ्ठी लिहीत बसलो तर धंदा होणार नाही. होईल. फक्त खोकी कमी जातील आणि विद्या जास्त विकली जाईल. ज्याच्याकडे विद्याच नाही त्याचा धंदा बसेल, आणि तो बसलाच पाहिजे. नाशिकमध्ये मीटर चालवता येणारी हजारो माणसं आहेत. त्यांतली चार जरी या काउंटरच्या मागे येऊन उभी राहिली, तरी उरलेल्यांना शिकावं लागेल किंवा शटर ओढावं लागेल.

चिठ्ठी द्यायला जो नाही म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नका, भाव करू नका, 'बघा ना जरा' म्हणून गयावया तर मुळीच करू नका. कॅबिनेट उचला आणि पुढच्या दुकानात जा.